एकाच काडीवर दोन विड्या

डहाणू रोड स्थानकावर उतरून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेस निघाले, म्हणजे उजव्या हाताला चिकूच्या वाड्या, डाव्या हाताला सुरूचे बन आणि त्यापलीकडे ओहोटीला दूरवर मागे सरणारा तो करडा, उथळ समुद्र, अशा दुहेरी सोबतीत घोलवड-बोर्डीचा रस्ता केव्हा सरतो ते कळत नाही. ज्येष्ठ संपत आला होता, वाऱ्याने दिशा बदलली होती, आणि मासेमारीच्या बंदीचा काळ असल्यामुळे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवर ताडपत्र्या चढल्या होत्या. अशा एका संध्याकाळी सुरूच्या बनातल्या बाकावर माझ्या दोन वृद्ध स्नेह्यांमध्ये जो वाद झाला, त्याचे टिपण मी येथे करीत आहे. त्यांपैकी एक सरकारी आरोग्यसेवेत तीस वर्षे याच मुलखात काढून निवृत्त झालेले डॉक्टर. दुसरे तलासरीकडच्या आश्रमशाळेत हयात घालवलेले मास्तर, ज्यांनी अध्यापनाचे पहिले धडे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या संस्थेत घेतले होते आणि ज्यांच्या बोटांत विडी नाही असे दृश्य मी तरी अद्याप पाहिलेले नाही.

वादाला निमित्त मास्तरांनीच दिले. कोणी विचारले नसताना ते म्हणाले, “परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही.”

“सांगूही नका,” डॉक्टर म्हणाले. “ज्या अर्थी तुम्ही ही प्रस्तावना करता आहात, त्या अर्थी गोष्ट कोणत्या आजाराची ते मी ओळखले. संमतीवाचून असल्या गोष्टीचा उच्चार करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी सभ्यता आहेच.”

“म्हणूनच माणूस बाजूला ठेवून फक्त प्रसंग सांगतो. वर्षातले आठ-नऊ महिने तो वेरावळच्या बोटीवर खलाशी असतो. पावसाळ्यात भातलावणीला घरी येतो. रक्तात एच.आय.व्ही. निघाला ही गोष्ट त्याने दोन वर्षांपूर्वी माझ्याच ओसरीवर बसून स्वतः होऊन मला सांगितली होती. घरी बायकोला ठाऊक आहे, तिसरा मी. परवा आला तो नेहमीच्या जागी बसला नाही. पायरीवर, दोन हात अंतर राखून बसला. चहा पुढे केला तर म्हणाला, नको, पोट बरे नाही. मला कळले की त्याच्या पोटाला काही झालेले नाही. माझ्या घरच्या कपाला आपले ओठ लागू नयेत एवढाच त्याचा हेतू आहे. तेव्हा मी काय केले ते ऐका. मी एक विडी तोंडात धरली, दुसरी त्याच्या हातात दिली, माझी शिलगावली, आणि काडी विझायच्या आत तीच त्याच्या विडीला लावली. दोन झुरके होताच तो सरकून माझ्या शेजारी आला.”

हे बोलताना मास्तरांच्या आवाजात अभिमानाची एक बारीकशी छटा होती, आणि मला वाटते तीच डॉक्टरांना खुपली.

“मास्तर, आपल्या स्नेहाबद्दल मला आदर आहे,” ते सावकाश म्हणाले, “परंतु ज्या माणसाला विषाणूने मारले नाही आणि पुढेही बहुधा मारणार नाही, त्याला मारू शकणारी वस्तू आपण स्वहस्ते पेटवून दिलीत, याची आपणांस कल्पना आहे काय?”

“विडीने का कोणाला—”

“पुरते ऐकून घ्या. 1986 साली मद्रासेत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या तपासणीत या देशातले पहिले रुग्ण सापडले, आणि तेथून पुढची अठरा वर्षे माझ्यासारख्या सरकारी डॉक्टरापाशी गरीब रुग्णाला देण्यासारखे धीरावाचून काही नव्हते. मी त्या काळात माणसे झिजताना पाहिली आहेत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने औषध फुकट देण्यास आरंभ केला. आधी पांढऱ्या पेशी अमुक इतक्या खाली गेल्यावरच औषध असा शिरस्ता होता, तोही 2017 पासून गेला आणि निदान झाले की औषध सुरू, असा नियम आला. आज रोज एक गोळी, तीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन द्रव्ये, आणि ती न चुकता घेतली तर रक्तातला विषाणू मोजता येण्याच्या पातळीखाली जातो. मग शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही, तेथे तुमच्या कपाची काय कथा. तो विद्यार्थी गोळी नियमित घेत असेल तर त्या रोगापुरता त्याचा जीव सुरक्षित आहे. आता विडीचे ऐका. डेन्मार्क देशात सुमारे तीन हजार एच.आय.व्ही.बाधितांच्या आयुष्याचा हिशेब मांडला गेला आणि तो 2013 साली प्रसिद्ध झाला. पस्तीस वर्षांचा बाधित मनुष्य धूम्रपान करणारा असेल तर त्याची अपेक्षित आयुर्मर्यादा साडेबासष्ट वर्षे, कधीच न करणारा असेल तर अठ्ठ्याहत्तर. विषाणूपायी गेलेली वर्षे पाच, धुरापायी गेलेली बारा! ज्या रोगाचे नाव घेताना गाव आवाज खाली करते, त्याने पाच नेली. आणि पाहुण्याचे स्वागत म्हणून जी वस्तू पुढे केली जाते, तिने बारा.”

मास्तरांनी विडीची राख बाकाच्या कडेवर झाडली. वर्गातल्या हुशार मुलाचे उत्तर ऐकून घेताना ते असेच करीत असावेत.

“डेन्मार्कमधील मनुष्य साठीत मरतो की पंचाहत्तरीत याची चिंता डेन्मार्क करू शकतो, कारण तेथे त्याला साठीत निवृत्तिवेतन मिळते,” ते म्हणाले. “आमच्या माणसाचा विचार येत्या आवणीपर्यंत जातो, फार तर नारळी पौर्णिमेला बोट सुटेल तेव्हा मुकादमाकडून किती उचल मिळेल येथपर्यंत. त्याला तुम्ही बारा वर्षे दाखवता, ती त्याच्या हिशेबाच्या वहीत मांडायची कोठे? आणि दुसरी गोष्ट. या मुलखातल्या वारल्याला आजवर वरून जो जो कोणी भेटायला आला, तो एक मनाई हुकूम घेऊन आला. जंगलखात्याने सांगितले, लाकूड तोडू नका. अबकारी खात्याने सांगितले, मोहाची गाळू नका. सावकाराने तर लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या लग्नगडी करून ठेवले आणि मान वर करू नका म्हणून सांगितले. 1945 साली झरीला गोदावरी परुळेकरांच्या पुढे हजारो वारली जमले ते काय मागायला? वेठ बंद करा, आम्हांला माणसासारखे वागवा, एवढेच. त्यांच्या नातवाला रोग झाला, त्याने मुकाट्याने तुमची गोळी पत्करली, महिन्याच्या महिन्याला रोजगार बुडवून तो तुमच्या रांगेत उभा राहतो. आणि आता तुम्ही त्याच्या हातातले शेवटचे सुखही मनाईच्या यादीत घालणार! मला भीती वाटते ती याची, की विडीबद्दल बोल लागतात म्हणून तो एक दिवस रांगेतच येईनासा होईल. मग तुमची पाचही गेली आणि बाराही गेली.”

मला येथे नमूद केले पाहिजे की मास्तरांचा हा मुद्दा मला त्या वेळी निरुत्तर करणारा वाटला होता. डॉक्टरांना तो तसा वाटला नाही.

“डेन्मार्क राहू द्या,” ते म्हणाले. “मी चूक केली, परक्या देशाचा साक्षीदार आणायला नको होता. घरचा आणतो. तमिळनाडूत चेन्नई आणि आसपासच्या ग्रामीण भागात मृत पुरुषांच्या धूम्रपानाची चौकशी करून जो निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाला, तो असा, की ओढणाऱ्याला क्षयाने मृत्यू येण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे चौपट. तेथे ओढतात ते विड्या आणि सिगारेटीच, काही निराळे नाही. आता एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या माणसाला मारणाऱ्या व्याधींत पहिली कोणती? क्षयच. साठीत नव्हे, मास्तर, तिशीत, पस्तिशीत. छातीत शिरलेल्या जंतूला गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना धूर पंगू करतो, श्वासनलिकेतली घाण वर लोटणारे सूक्ष्म केस तो झडवतो, आणि हे ज्या शरीरात घडते त्याच्या पहारेकऱ्यांची संख्या विषाणूने आधीच घटवलेली असते. शिवाय क्षय झाला की रिफॅम्पिसिन द्यावे लागते, ते डोल्युटेग्राविरचा रक्तातला अंश उतरवते, म्हणून ते द्रव्य दिवसातून दोनदा द्यावे लागते. म्हणजे बोटीवर लपवून घ्यायच्या गोळ्या आणखी वाढल्या. तुम्ही म्हणता त्याचा विचार पुढच्या आवणीपर्यंत जातो. मी आवणीपर्यंतचेच बोलतो आहे.”

मास्तर काही वेळ बोलले नाहीत. समुद्राकडून एक दमट झुळूक आली आणि सुरूच्या सुया हलल्या. मग त्यांनी बाजू सोडली नाही, जागा मात्र बदलली.

“बरे, विडी वाईट, हे मी मान्य करतो. ती वाईट नाही असे मी म्हटलेही नव्हते. विडीत तंबाखू चिमूटभर, तो आम्ही लहानपणी आपट्याच्या पानात गुंडाळलेला पाहिला, आता दुकानात टेंभुर्णीच्या पानाचा कट्टा मिळतो. सिगारेटीच्या मानाने ही गरिबाची निरुपद्रवी वस्तू, असे मीही समजत होतो.”

“तो भ्रम सार्वत्रिक आहे. तंबाखू थोडा, पण पान नीट जळत नाही, म्हणून विझू नये यासाठी माणूस वारंवार आणि खोल झुरके घेतो. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातात ते सिगारेटीहून कमी नव्हे, अधिकच. भारतातल्या मृत्यूंच्या मोठ्या पाहणीत, 2008 साली, विडी ओढणाऱ्या पुरुषाची सरासरी सहा वर्षे जातात असा अंदाज निघाला, बाईची आठ.”

“असो. परंतु ती विडी त्याला काय देते, हे तुमच्या कोणत्या पाहणीने मोजले आहे? बोटीवर आठ-दहा माणसे, पंधरा पंधरा दिवस जमीन दिसत नाही, रात्री जाळे ओढायचे, झोप कधी मिळेल याचा नेम नाही. तेथे भूक मारायला विडी, झोप मारायला विडी. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती एकट्याने ओढायची नसते. एक जण शिलगावतो, दुसरा त्याच्या विडीवर आपली पेटवतो, थोटूक तिसऱ्याकडे जाते. ज्याला आपल्या रक्ताची धास्ती आहे, त्याच्या दृष्टीने हातोहात फिरणारे ते थोटूक म्हणजे रोज रात्री नव्याने मिळणारा दाखला असतो, की मी अजून यांच्यातला आहे. तुम्ही त्याला सांगता, सोड. त्याने सोडली तर बोटीवरचे पहिले वाक्य काय असेल? ‘का रे, काय झाले तुला?’ आधीच तो रोज रात्री नऊ वाजता पाठ फिरवून एक गोळी घेतो. ती रक्तवाढीची आहे असे त्याने सांगितले आहे. आता गोळी घेणारा आणि विडी न घेणारा, असा तो दोन खुणांनी वेगळा पडेल. एक खूण लपवता येते, दोन लपवणे कठीण.”

हे ऐकून डॉक्टर प्रथमच गप्प झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मग ते जे बोलले ते ऐकताना मला वाटले, की वाद आता त्या दोघांतला राहिलेला नाही.

“हा दाखल्याचा मुद्दा मला सुचला नव्हता,” ते म्हणाले. “आणि तो सुचला नव्हता याचे कारणही मला ठाऊक आहे. मी एका केंद्रात काही वर्षे औषधोपचाराचे काम पाहिले. येणाऱ्या प्रत्येकाला, प्रत्येक खेपेला, आम्ही चार प्रश्न विचारत असू: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम सुटतो का. क्षय लवकर पकडण्यासाठीचे ते चार प्रश्न. मला झोपेतही म्हणता येतील. गोळ्या मोजून घेत असू. परंतु ‘विडी ओढता का’ हा पाचवा प्रश्न मी किती जणांना विचारला असेन? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना, तेही खोकला सुरू झाल्यानंतर; आणि तो प्रश्न नसे, दटावणी असे. ‘विड्या फुंकतोस ना? मग होणारच!’ पुढच्या खेपेला तोच माणूस तोंडात वेलची धरून येई आणि म्हणे, सोडली साहेब. मी कागदावर तसे लिहून टाकी.”

“म्हणजे मी म्हणत होतो तेच—”

“नाही. तुम्ही म्हणत होता, विचारू नका. मी म्हणतो, मी विचारलेच नाही. या दोहोंत अंतर आहे.”

मास्तरांना हे अंतर पटले नसावे, कारण त्यांनी दुसरा आक्षेप काढला. शासनाच्याच पाहणीप्रमाणे, 2016-17 च्या, महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारांहून कमी, आणि तंबाखू चघळणारे वा दाताला लावणारे चोवीसांहून अधिक; मग विडीवरच रोख का, असा त्यांचा सवाल होता. डॉक्टर म्हणाले की त्या तोंडाच्या तंबाखूनेही जिभेवर आणि गालफडात जे होते ते त्यांनी पाहिले आहे आणि तो निराळ्या संध्याकाळचा विषय आहे. शिवाय राज्याच्या सरासरीत बोटीवरचा खलाशी आणि वीटभट्टीवरचा मजूर दिसत नाही. गुटख्यावर राज्याने 2012 सालीच बंदी घातली, तेवढ्याने तो तलासरी नाक्यावरून हद्दपार झाला काय, असे मास्तरांनी विचारले. गुजरातची हद्द तेथून कितीशी दूर आहे हे आम्हां तिघांनाही माहीत असल्यामुळे कोणी उत्तर दिले नाही.

“तर मग विचारावे कसे, ते सांगा,” मास्तर म्हणाले. “दटावणी वगळून.”

“त्याचे एक शास्त्र आहे, आणि ते मला निवृत्तीनंतर समजले, ही माझी शोकांतिका. दिवसाला किती ओढतोस, हे विचारून फारसे कळत नाही. माणूस आकडा कमी सांगतो. सकाळी उठल्यानंतर पहिली विडी किती वेळाने ओढतोस, हे विचारावे. उठल्या उठल्या, पाच मिनिटांच्या आत लागत असेल, तर निकोटीनची पकड घट्ट आहे, आणि अशा माणसाला नुसत्या निश्चयाच्या भरवशावर सोडणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला धीर देऊन पाण्यात ढकलण्यासारखे आहे. त्याला निकोटीनचा च्युइंगगम द्यावा, एच.आय.व्ही.च्या गोळीशी त्याचे वैर नाही. सरकारचा फोन आहे, 1800-11-2356, फुकट. आणि पहिल्या प्रयत्नात विडी बहुधा सुटत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पुन्हा धरली तर तो तोंड चुकवणार नाही.”

“वेरावळपुढे समुद्रात तुमचा फोन लागत नाही.”

“ठाऊक आहे.”

“आणि हे विचारणार कोण? खुर्चीत बसलेला साहेब?” मास्तर आता वाद घालीत नव्हते, मसलत करीत होते. “ज्याने स्वतः ती गोळी घेतली आहे आणि स्वतः विडी सोडली आहे, असा एखादा माणूस रांगेतच त्याच्या शेजारी बसवा. तो सांगेल बोटीवर काय उत्तर द्यायचे. ‘छातीचा फोटो काढला, डाग निघाला, डॉक्टरने विडी बंद केली.’ असे म्हटले तर कोणी पुढे विचारत नाही.”

“म्हणजे खोटे बोलायला शिकवायचे?”

“रक्तवाढीच्या गोळीइतकेच खोटे. आणि छातीचा डाग हे खोटे किती दिवस खोटे राहील, हे आताच तुम्ही मला चौपटीच्या हिशेबाने समजावलेत.”

डॉक्टर हसले, परंतु त्या हसण्यात समाधान नव्हते. क्षयाचा डाग सांगितला तर बोटीवाले त्याला उतरवून देतील, अशी शंका त्यांनी काढली. मास्तर म्हणाले, जुना डाग सांगायचा, भरून आलेला. मग थोटूक हातोहात फिरेल तेव्हा याने काय करावे, यावर बराच वेळ खल झाला. मास्तरांचे म्हणणे असे, की पेटवून देण्याचे काम त्याने आपल्याकडे घ्यावे: काडेपेटी याची, काडी याची, वाऱ्यात हाताचा आडोसा याचा. मंडळीत बसल्याचा मान तेवढ्याने राहतो. डॉक्टरांना हे मुळीच पसंत पडले नाही. दुसऱ्यांच्या फुप्फुसांचे काय, आणि धुरात बसून विडी सुटते कशी, असे ते म्हणाले, आणि माझ्या मते ते बरोबर होते. परंतु बोटीवर धुराबाहेर बसायला जागा नसते, हेही खरे होते.

“नारळी पौर्णिमेच्या आत मी त्याला तुमच्याकडे आणतो,” शेवटी मास्तर म्हणाले. “केंद्रात नव्हे, तुमच्या वाडीत. तुम्ही चिकूच्या झाडाखाली खाट टाका. चहा तुमच्या बायकोने द्यावा, आणि तो एकाच किटलीतून आणि घरच्याच कपांतून, एवढी अट.”

“ती अट घालायला नको होती.”

“मी घातली, कारण माझ्या ओसरीवर मला दुसरे काही सुचले नाही.”

काळोख पडला होता. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीवरचे तांबडे दिवे दक्षिणेकडे लुकलुकत होते, आणि घोलवडकडे जाणारी शेवटची रिक्षा निघण्याची वेळ झाली होती. मास्तर उठले, त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कट्टा काढला, त्यातली एक विडी निवडून दोन बोटांत फिरवली आणि वाऱ्याला पाठ देऊन ती शिलगावली. डॉक्टर नेहमीप्रमाणे तोंड फिरवतील अशी माझी अपेक्षा होती. तीस वर्षे ते तोंडच फिरवीत आले होते. या वेळी ते तसेच पाहत राहिले.

“मास्तर,” ते म्हणाले, “सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने?”

मास्तरांनी धूर सोडला. काही वेळाने म्हणाले, “चहाच्या आधी.”

“चहाच्या किती आधी?”

“चूल पेटायच्याही आधी,” मास्तर म्हणाले, आणि आम्ही तिघे रस्त्याकडे चालू लागलो.